भारतीय विमानाचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे

५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याच्या विमानतळावरून एका छोट्या विमानाने प्रथमच उड्डाण केले. त्यात एकापाठोपाठ एक अशा दोनच आसनांची सोय होती. त्याला ना तोफा होत्या, ना प्रचंड वेग. नवशिक्या वैमानिकांना विमान चालविण्याचे पहिले धडे देण्यासाठी ते तयार केले होते. तरीही भारताच्या इतिहासात या विमानाला मानाचे स्थान आहे. कारण ते कोणत्याही परदेशी कारखान्याच्या नकाशांवरून बांधलेले नव्हते. त्याची कल्पना, त्याचे गणित, त्याची रेखाटने आणि त्याची बांधणी ही सारी भारतीयांची होती. त्या विमानाचे नाव 'एचटी-२' आणि ते घडविणाऱ्या अभियंत्यांच्या चमूचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे.

विष्णू घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागातील हसूरचंपू या खेड्यात झाला. गडहिंग्लजच्या परिसरातील हे गाव. येथून कर्नाटकाची सीमा जवळ आहे आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा कानांवर पडत असतात. शेती हाच त्या भागातील लोकांचा मुख्य व्यवसाय होता. त्या काळी अशा गावांत मोटारगाडी दिसणेही दुर्मिळ होते, मग विमानाची गोष्ट तर दूरच राहिली. अमेरिकेतील राइट बंधूंनी पहिले यशस्वी उड्डाण केले ते १९०३ साली, म्हणजे घाटगे यांच्या जन्माच्या अवघ्या पाच वर्षे आधी. विमानविद्या आणि घाटगे यांचे बालपण जणू बरोबरीनेच सरले.

घाटगे दहा वर्षांचे झाले तेव्हा पहिले महायुद्ध संपत आले होते. या युद्धात माणूस प्रथमच आकाशात लढला. त्या वेळची लढाऊ विमाने बहुधा द्विपंखी असत. एक पंख वर, एक पंख खाली, मध्ये लाकडी खांब आणि त्यांना आवळून धरणाऱ्या तारा, अशी त्यांची रचना होती. सांगाडा मुख्यतः लाकडाचा आणि त्यावर ताणून बसविलेले कापड. लाकडाचा एकच लांब पंख वाऱ्याच्या ताणाने मोडण्याची भीती असे. दोन पंख खांबांनी व तारांनी एकमेकांना बांधले की पुलाच्या कैचीप्रमाणे त्यांना बळकटी येई. शिवाय पंखांचे एकूण क्षेत्रफळ वाढे आणि तरीही विमानाची रुंदी आटोपशीर राही.

या द्विपंखी विमानांचा मोठा गुण म्हणजे चटकन वळण्याची क्षमता. आकाशातील त्या लढाईत वैमानिकाला शत्रूच्या विमानाच्या पाठीमागे जावे लागे, कारण बंदुका विमानाच्या नाकाशी बसविलेल्या असत आणि समोर येईल त्यावरच त्यांचा मारा होई. दोन विमाने एकमेकांचा पाठलाग करीत गोल गोल फिरू लागली की ज्याचे वर्तुळ लहान, तो दुसऱ्याच्या मागे पोहोचे. म्हणूनच वळणाचे वर्तुळ किती लहान आहे, यावर वैमानिकाचे प्राण अवलंबून असत.

विमान वळते कसे, हे समजण्यास फार गणित लागत नाही. सायकलस्वार वळणावर आतल्या बाजूला कलतो, त्याचप्रमाणे विमानही वळताना एका अंगावर कलते. सरळ उडताना पंखांची सगळी उचल विमानाचे वजन पेलण्यात खर्ची पडते. विमान कलले की त्या उचलीचा काही भाग त्याला आतल्या बाजूला खेचू लागतो. गोफणीतील दगडाला दोरी जशी सतत मध्याकडे ओढते आणि म्हणून दगड गोल फिरतो, तसेच हे घडते. मात्र उचलीचा काही भाग वळण्यासाठी वापरल्यामुळे वजन पेलण्यास ती अपुरी पडू लागते. म्हणून पंखांना एकूण उचल वाढवावी लागते. विमान साठ अंशांत कलून उंची न गमावता वळत असेल, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार उचलावा लागतो. सत्तर किलो वजनाच्या वैमानिकालाही त्या क्षणी आपले वजन एकशे चाळीस किलो झाल्यासारखे वाटते.

वेगाचा हिशेब तर याहून कडक आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारे विमान पंचेचाळीस अंशांत कलून वळले, तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ऐंशी मीटर भरते. वेग दुप्पट केला आणि कल तेवढाच ठेवला, तर त्रिज्या दुप्पट होत नाही. ती चौपट होते, म्हणजे सुमारे तीनशे पंधरा मीटर. विमान लहान असो वा मोठे, हलके असो वा जड, एकाच वेगाला व एकाच कलाला सर्वांचे वर्तुळ सारखेच असते. मग एखादे विमान दुसऱ्यापेक्षा लहान वर्तुळात कसे वळते? त्याचे उत्तर असे, की ते अधिक हळू उडत असतानाही पंखांची उचल टिकवून धरू शकते. वेग फार कमी झाला आणि पंख फार चढा धरला, की पंखावरून वाहणारी हवा सुटून जाते, उचल एकाएकी तुटते आणि विमान कोसळू लागते. ही मर्यादा ज्याची खाली, त्याचे वर्तुळ लहान.

ही मर्यादा मुख्यतः पंखभारावर अवलंबून असते. विमानाच्या एकूण वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो. चिखलातून चालताना पायाखाली रुंद फळी टाकली तर पाय रुतत नाही, कारण भार मोठ्या जागेवर पसरतो. पंखांचेही तसेच आहे. ब्रिटिशांच्या 'सॉपविथ कॅमल' या द्विपंखी विमानाच्या दर चौरस मीटर पंखावर सुमारे ३१ किलो भार येई. 'एसई-५ए' या दुसऱ्या ब्रिटिश विमानात तो सुमारे ३९ किलो होता, तर जर्मनांच्या 'फोकर डी-७' मध्ये सुमारे ४४ किलो. त्यामुळे निव्वळ वळणाच्या बाबतीत कॅमल या दोघांपेक्षा सरस होते. कॅमलचे इंजिन स्वतःच पंख्यासह गरगर फिरणारे होते. इंजिन, वैमानिक, बंदुका आणि इंधन हे सारे वजन पुढच्या लहानशा भागात एकवटलेले होते. भोवऱ्याप्रमाणे फिरणाऱ्या त्या इंजिनामुळे ते विमान उजवीकडे फारच झटकन वळे. पण हाच गुण नवख्यांच्या जिवावर उठे. कॅमल शिकताना अनेक तरुण अपघातात दगावले.

याउलट एसई-५ए अधिक स्थिर आणि अधिक वेगवान होते. कॅमलचा वेग ताशी सुमारे १८५ किलोमीटर, तर एसई-५एचा ताशी सुमारे २२० किलोमीटर. ते कॅमलइतके चपळ नव्हते, पण सूर मारून हल्ला करावा आणि वेगाच्या बळावर निसटून जावे, हे त्याला साधत असे. फोकर डी-७ चा पंखभार तिघांत अधिक होता, तरीही चढण्याची ताकद, उंचीवरील कामगिरी आणि मंद वेगातही वैमानिकाच्या हुकमतीत राहण्याचा गुण यांमुळे त्याची मोठी धास्ती होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धबंदीचा करार झाला, तेव्हा जर्मनीने कोणती विमाने स्वाधीन करावीत हे सांगताना डी-७ चा नावानिशी उल्लेख करण्यात आला. सर्वांत लहान वर्तुळात वळणारे विमान तेच सर्वांत श्रेष्ठ, असे समीकरण त्या काळातही खरे ठरले नाही.

या युद्धात काही भारतीय तरुणांनीही द्विपंखी विमाने चालविली. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये एसई-५ए विमानातून दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळविले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ते धारातीर्थी पडले. तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. हरदितसिंग मलिक यांनी कॅमल चालविले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर 'सॉपविथ डॉल्फिन' हे विमान चालवीत असताना जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर कामी आले. विमान चालविण्याचे धैर्य व कौशल्य भारतीयांत आहे, हे या तरुणांनी सिद्ध केले. परंतु त्यांच्या हाती असलेले प्रत्येक विमान दुसऱ्या देशात, दुसऱ्या लोकांनी रचलेले होते. विमान चालविणारा भारतीय जगाला दिसला होता, विमान घडविणारा भारतीय अजून दिसायचा होता.

विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. त्या काळी हवेच्या प्रवाहाच्या अभ्यासात ग्योटिंगेनचा दबदबा जगभर होता. तेथे लुडविग प्रांटल हे प्राध्यापक होते. १९०४ साली प्रांटल यांनी दाखवून दिले, की वाहणाऱ्या हवेचा वस्तूला चिकटून असलेला अगदी पातळ थर हा तिच्या वागणुकीची गुरुकिल्ली आहे. या थराला सीमास्तर म्हणतात. पंखावरची हवा कधी चिकटून वाहते आणि कधी सुटून जाते, याचा उलगडा त्यामुळे होऊ लागला. पुढे प्रांटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंखाच्या उचलीचे गणित मांडले आणि दोन पंख एकावर एक ठेवल्यास काय होते याचाही हिशेब केला.

तो हिशेब मोलाचा होता. पंखाच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो व खालच्या बाजूस वाढतो, यातूनच उचल निर्माण होते. परंतु द्विपंखी विमानात वरच्या पंखाखालचा वाढलेला दाब आणि खालच्या पंखावरचा घटलेला दाब एकमेकांच्या आड येतात. त्यामुळे दोन पंखांची उचल स्वतंत्र दोन पंखांच्या बेरजेइतकी भरत नाही. त्यातच खांब व तारा हवेला अडवितात आणि वेग खातात. दोन पंखांमुळे वळण लहान होते हे खरे, पण त्याची किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागते. इंजिने शक्तिमान झाली आणि लाकडाची जागा धातूने घेतली, तेव्हा एकाच जोडीचे बळकट पंख बांधता येऊ लागले. १९३० नंतरच्या दशकात द्विपंखी लढाऊ विमाने झपाट्याने मागे पडू लागली. ती सफाईने वळून हल्ला चुकवू शकत, पण वेगवान शत्रूला गाठू शकत नसत.

हा बदल घडत असतानाच घाटगे ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते. तो काळ जर्मनीत कठीण होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ग्योटिंगेनमधील अनेक नामवंत ज्यू शास्त्रज्ञांना विद्यापीठ सोडावे लागले होते. अशा वातावरणात, परक्या भाषेत, नव्या शास्त्राचा अभ्यास करून घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. प्रांटल यांच्या हाताखाली ही पदवी मिळविणारे भारतीय विरळाच. विमान असे का उडते, का वळते आणि का कोसळते, हे मुळापासून जाणणारा एक मराठी तरुण आता तयार झाला होता. पण त्याच्या विद्येला वाव देणारा एकही विमान कारखाना तेव्हा भारतात नव्हता. भारतीय वायुदलाच्या पहिल्या तुकडीकडे १९३३ साली आलेली 'वापिटी' विमाने द्विपंखीच होती आणि तीही ब्रिटनमध्ये बनलेली होती.

ही उणीव भरून काढण्याचा ध्यास सोलापूरचे सुपुत्र व उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी घेतला. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. कारखाना उभारण्यासाठी अमेरिकेहून यंत्रे व तज्ज्ञ आणण्यात आले. १९४१ मध्ये 'हार्लो' हे प्रशिक्षण विमान आणि १९४२ मध्ये 'हॉक' हे लढाऊ विमान येथे जोडून उडविले गेले. डॉ. घाटगे या कारखान्याच्या आरंभीच्या काळातच तेथे अभियंता म्हणून रुजू झाले. मात्र दुसऱ्या महायुद्धाची झळ बसू लागताच चित्र पालटले. सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला आणि पुढे त्याचे मुख्य काम अमेरिकन विमानांची दुरुस्ती हेच झाले. हजारो कामगारांचे हात विमानांना लागत होते, त्यांचे कसब वाढत होते, परंतु नवे विमान रचण्याचे काम मात्र लांबणीवर पडले.

घाटगे यांनी हा काळ वाया जाऊ दिला नाही. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. विमान रचायचे तर एकटा विद्वान पुरत नाही. गणित जाणणारे, धातू जाणणारे, इंजिन जाणणारे, रेखाटने करणारे असे अनेक जण लागतात. अशी माणसे बाहेरून मागवून देशाची गरज कायमची भागणार नव्हती, ती येथेच घडवावी लागणार होती. ग्योटिंगेनमध्ये मिळविलेले ज्ञान घाटगे यांनी भारतीय विद्यार्थ्यांच्या हाती दिले. पुढे देशातील विमान उद्योगाला लागणारे अनेक अभियंते या विभागातून बाहेर पडले.

बंगळूर शहरही त्या काळात बदलत होते. शहराच्या पूर्वेला विमानाचा कारखाना होता आणि वायव्येला विज्ञान संस्था. स्वातंत्र्यानंतर विज्ञान संस्थेपासून जवळच, शहराच्या पश्चिम भागात, राजाजीनगर ही औद्योगिक वसाहत वसविण्यात आली. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला देण्यात आले. कारखाने, कार्यशाळा आणि कामगारांची घरे यांनी ती भरत गेली. बागांचे व निवृत्तांचे शहर म्हणून ओळखले जाणारे बंगळूर यंत्रांचे शहर होऊ लागले. या परिवर्तनात विमान उद्योगाचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्यानंतर घाटगे पुन्हा कारखान्याकडे वळले आणि विमानरचनेच्या कामाचे नेतृत्व करू लागले. १९४८ मध्ये नव्या प्रशिक्षण विमानाचे काम हाती घेण्यात आले. त्या वेळी भारतातील नवशिके वैमानिक मुख्यतः 'टायगर मॉथ' या ब्रिटिश द्विपंखी विमानावर शिकत. १९३१ साली प्रथम उडालेले हे विमान फार गुणी होते. लाकूड, कापड व धातूच्या नळ्या यांनी बनलेले, हलके आणि चालकाच्या चुका बऱ्याच अंशी पोटात घालणारे, अशी त्याची ख्याती होती. जगभरातील हजारो वैमानिक त्याच विमानावर तयार झाले होते. अशा विमानाची जागा घेणारे दुसरे विमान रचणे ही सोपी गोष्ट नव्हती.

येथे वळणाचा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. टायगर मॉथचे कमाल वजन सुमारे ८२८ किलो आणि दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २२ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ३७ किलो भार. पहिल्या महायुद्धातील एसई-५ए विमानाच्या जवळपासच हा आकडा येतो. एचटी-२ चे वजन सुमारे १०१६ किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ६३ किलो. दोन्ही विमानांचे पंख उचलीच्या बाबतीत सारखेच गुणी आहेत असे मानले, तर एचटी-२ चे सर्वांत लहान वर्तुळ टायगर मॉथच्या वर्तुळापेक्षा दीडपटीहून मोठे भरते. केवळ वळणाची शर्यत लावली, तर जुने द्विपंखी विमान नव्या भारतीय विमानाला सहज मागे टाकील.

मग हे नवे विमान अधिक चांगले कसे? याचे उत्तर विमान कशासाठी आहे, यात दडलेले आहे. १९४८ च्या अखेरीस भारतीय वायुदलात 'व्हँपायर' ही जेट विमाने दाखल होऊ लागली होती. एचटी-२ वर शिकणाऱ्या तरुणांतील काहींना पुढे अशीच वेगवान, धातूची, एकाच जोडीच्या पंखांची विमाने चालवायची होती. जे विमान अतिशय हळू उडते व अगदी लहान वर्तुळात वळते, त्यावर लागलेली सवय वेगवान विमानात धोक्याची ठरू शकते. वेग वाढला की वर्तुळ किती मोठे होते, वळताना कल वाढविला की पंखांवरचा भार किती वाढतो, उचल तुटण्याची मर्यादा कशी जवळ येते, हे विद्यार्थ्याने पहिल्यापासूनच अनुभवायला हवे. एचटी-२ संपूर्ण धातूचे होते. त्याचे पंख धडाच्या खालच्या बाजूस जोडलेले होते आणि त्यांना आधार देण्यासाठी बाहेर एकही खांब वा तार नव्हती. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाई, तर टायगर मॉथचा कमाल वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर होता. शिवाय ऊन, पाऊस आणि दमट हवा यांना लाकूड व कापडापेक्षा धातू अधिक टिकाव धरतो. भारतासारख्या देशात ही बाब दुय्यम नव्हती.

विमानाच्या रचनेत फुकट काहीच मिळत नाही. पंख मोठा केला तर वळण सुधारते, पण वजन व हवेचा रोध वाढतो. वेग वाढविला तर वळण ऐसपैस होते. सांगाडा बळकट केला तर विमान जड होते. एक गुण हवा असेल तर दुसऱ्याला मुरड घालावी लागते. कोणत्या गुणाला किती झुकते माप द्यायचे, हे ठरविणे म्हणजेच रचनाकाराचे काम. परदेशी नकाशांवरून विमान बांधताना हा निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. बांधणाऱ्याला तो का घेतला, हे कळण्याचीही गरज नसते. एचटी-२ च्या निमित्ताने असे शेकडो निर्णय प्रथमच भारतीय अभियंत्यांनी आपल्या देशाची गरज पाहून घेतले. या विमानाचे खरे महत्त्व येथे आहे.

पहिल्या नमुन्याच्या उड्डाणानंतर १९५२ च्या फेब्रुवारीत दुसरा नमुना अधिक शक्तीच्या इंजिनासह उडाला. १९५३ पासून एचटी-२ चे नियमित उत्पादन होऊ लागले. दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली. वायुदलाबरोबरच नागरी प्रशिक्षण संस्थांतही ती वापरली गेली. वायुदलात तर त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सेवा दिली. आफ्रिकेतील नव्याने स्वतंत्र झालेल्या घाना या देशाच्या वायुदलालाही काही एचटी-२ विमाने मिळाली. जो देश काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रत्येक विमानासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहत होता, त्याच देशाचे विमान दुसऱ्या देशाच्या आकाशात विद्यार्थी घडवू लागले. हा आनंद लहान नव्हता.

या यशावर घाटगे समाधान मानून बसले नाहीत. १९५८ मध्ये 'पुष्पक' हे हवाई क्लबांसाठीचे छोटे विमान आणि १९५९ मध्ये 'कृषक' हे हवाई टेहळणीसाठी उपयोगी पडलेले विमान उडाले. त्यानंतर जेट इंजिनावर चालणाऱ्या प्रशिक्षण विमानाचे काम हाती घेण्यात आले आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी 'किरण' विमानाने पहिले उड्डाण केले. याच काळात जर्मन रचनाकार कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' हे लढाऊ जेट विमान बंगळूर येथे आकाराला आले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. त्या कामात टांक यांना भारतीय अभियंत्यांची जी साथ मिळाली, तिच्यामागे एचटी-२ पासून साठत आलेला अनुभव होता.

किरण विमानाची कहाणी तर वळणाच्या विषयाशी सुंदर रीतीने जुळते. १९९६ मध्ये वायुदलाने हवाई कसरतींसाठी 'सूर्यकिरण' हे पथक स्थापन केले. मराठी भाषकांचीही वस्ती असलेल्या सीमावर्ती बीदर येथे या पथकाचा तळ होता. पंखाला पंख भिडल्याचा भास व्हावा इतक्या जवळून उडणारी नऊ किरण विमाने एकाच वेळी कलत, एकाच वर्तुळात वळत. २०११ पर्यंत या पथकाने किरण विमानांवर कसरती करून लाखो प्रेक्षकांना थक्क केले. ताशी वेग, कल आणि वर्तुळ यांचे जे नियम १९१८ च्या द्विपंखी विमानांना लागू होते, तेच येथेही लागू होते. नियम बदलले नव्हते. बदलले होते ते एवढेच, की आता ज्या विमानांना ते लागू होत होते, ती विमाने भारतीयांनी रचलेली होती.

१९६५ मध्ये भारत सरकारने डॉ. घाटगे यांना 'पद्मश्री' किताब देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. बंगळूरमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स कंपनीने आपल्या सभागृह संकुलाला त्यांचे नाव दिले आणि विमानविद्येत कामगिरी करणाऱ्यांना त्यांच्या नावाने पुरस्कारही दिला जाऊ लागला. तरीही सर्वसामान्य लोकांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही. लढाई जिंकणाऱ्या वैमानिकाचे नाव घरोघरी पोहोचते, पण त्याला उडायला शिकविणाऱ्या विमानाचा रचनाकार बहुधा पडद्याआडच राहतो.

हसूरचंपूसारख्या खेड्यातून निघालेल्या एका मुलाने जगातील श्रेष्ठ गुरूकडून विद्या घेतली. ती विद्या पदवीपुरती न ठेवता त्याने आधी विद्यार्थ्यांना दिली आणि नंतर कारखान्यात उतरविली. दुसऱ्याने बनविलेली वस्तू कशी वापरायची, हे शिकणे ही पहिली पायरी. ती तशीच का बनविली, हे समजणे ही दुसरी पायरी. आपल्या गरजेनुसार ती नव्याने रचणे ही तिसरी. या तिन्ही पायऱ्या डॉ. घाटगे स्वतः चढले आणि देशाच्या विमान उद्योगालाही त्यांनी तिसऱ्या पायरीवर आणून उभे केले.